1850चं मॉडेल आणि 120ची स्लाइड

मी इंदूरला रामबागेत घरीच अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. जुनं मॉडेल पोरांच्या हातून फुटलं, म्हणून शहरातल्या एका दुकानातून शुक्रजनक नलिकेच्या, म्हणजे वृषणातल्या शुक्राणू बनवणाऱ्या नळीच्या, छेदाचं फायबरचं मॉडेल आणलं, 1850 रुपयांना. जोडीला रॅटच्या वृषणाची तयार स्लाइड, 120 रुपये.

मॉडेल दिसायला झकास, रंगही पक्के. पण सोबतच्या कार्डावर द्वितीयक शुक्रपेशीपुढे (प्राथमिक शुक्रपेशीच्या पहिल्या विभाजनातून होणारी पेशी) चक्क 46 गुणसूत्रं छापलीत! अहो, गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या त्या पहिल्या अर्धसूत्री विभाजनातच माणसाच्या 46ची 23 होतात. छापणाऱ्याने बहुधा प्रत्येक गुणसूत्राचे दोन-दोन क्रोमॅटिड, म्हणजे जोडलेले जुळे धागे, मोजले असावेत. ते दुसऱ्या विभाजनात सुटे होतात. एका प्राथमिक शुक्रपेशीचे चार स्पर्मॅटिड (यांचेच पुढे शुक्राणू बनतात) होतात, आकडा 23च राहतो. दुकानदाराला फोन केला, तर म्हणतो, "मैडम, बच्चे तो रंग देखते हैं." माझे बच्चे नीटची परीक्षा देतात हो!

स्लाइडकडून मला फारशी अपेक्षा नव्हती. 40च्या भिंगाखाली धरली आणि बघतच राहिले. नलिकेच्या भिंतीला चिकटून लहान, गडद पेशी. त्यांच्या आत सगळ्यांत मोठ्या प्राथमिक शुक्रपेशी, केंद्रकात गुंतलेल्या दोऱ्यासारखी गुणसूत्रं. मग गोल स्पर्मॅटिड, आणि काही नलिकांत त्यांना पोसणाऱ्या सर्टोली पेशींत डोकी खुपसून मधल्या पोकळीत शेपट्या सोडलेले शुक्राणू. दोन-तीन नलिकांमधल्या तिकोनी जागेत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवणाऱ्या लायडिग पेशीही सापडल्या. मॉडेलमध्ये त्यांचा पत्ताच नाही.

बारावीतली एक मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली आणि म्हणाली, "काकू, मॉडेलमधली तिसरी रांग यात कुठंय?" बरोबर हेरलं पोरीने. द्वितीयक शुक्रपेशी टिकतच नाहीत, तयार झाल्या की लगेच विभागतात, म्हणून स्लाइडमध्ये क्वचितच सापडतात. मॉडेलवाल्याने मात्र त्यांची भरगच्च रांग बसवलीय.

घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, रॅटची गुणसूत्रं 42, म्हणजे शुक्राणूत 21. मुलं तिथंही 23 लिहून मोकळी होतात.

मॉडेल परत घेणार नाही म्हणे. मी कार्डावर चिठ्ठी चिकटवून 23 केलंय. मॉडेलला दोन तारे, स्लाइडला साडेचार. अर्धा कापला, कारण काचेखाली एक बुडबुडा राहिलाय आणि एका पठ्ठ्याने तो पेशी समजून वहीत काढला, वर नावही दिलं.