एमजीबीचा गिअर आणि सस्पेन्शन: लालबागच्या गॅरेजात केलेल्या कामाचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, एमजीबी या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीला शॉर्ट शिफ्टर किट, म्हणजे गिअरच्या दांड्याचा प्रवास कमी करणारा संच, बसवायच्या विचारात असाल तर जरा थांबा, आधी दांड्याखालचा प्लास्टिकचा बुश बदला आणि मग आठ दिवस गाडी चालवून बघा. सस्पेन्शनवर मात्र खुशाल पैसे घाला, पण तेही कॅटलॉगमधली सगळ्यात महागडी वस्तू बघून नाही.

गाडी १९७१ ची एमजीबी रोडस्टर, दोन सीटची, कापडी टपाची, १७९८ सीसी, क्रोम बंपरवाली. मामांनी हौसेने जपलेली, त्यांच्या गुडघ्यांनी राम म्हटल्यावर माझ्याकडे आली. एमजीबी १९६२ ते १९८० इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला बनत होती आणि पाच लाखांच्या वर बनली, त्यामुळे आजही तिचा बारीकसारीक पार्ट नवा कोरा मिळतो, फक्त तो मुंबईत पोचेपर्यंत कुरिअर आणि कस्टम ड्युटी मिळून असा काही आकडा होतो की बायकोला सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

गॅरेजचं नाव टाकत नाही. मेस्त्रींनीच सांगितलंय की नको, गल्लीत आधीच गाड्या लावायला जागा नाही. लालबागला चाळीखालचा गाळा, बाहेर एक फियाट कायम विटांवर उभी, जुन्या गाड्यांवाल्यांना एवढ्यावर कळेल.

तर गिअर. दांडा वरणातल्या पळीसारखा फिरायचा, तिसऱ्यात टाकला तरी हलायचा, दुसरा नेमका कुठे आहे हे दर वेळी शोधायला लागायचं. मामांनी कधीतरी शॉर्ट शिफ्टरचं किट मागवून ठेवलेलं, डब्यातच पडून होतं, मी तेच घेऊन गेलो. मेस्त्री म्हणाले, "किट ठेवा हो बाजूला, आधी दांडा बाहेर काढून बघू दे." दांड्याभोवतीचा बूट वर केला, पाना फिरवला, दांडा उपटून फडक्यावर ठेवला आणि खालचं गोल टोक मला दाखवलं. त्या टोकावर प्लास्टिकची एक छोटी टोपी असते, तोच बुश, तिच्यातच गिअरबॉक्सची खालची सगळी हालचाल पकडली जाते. आमची टोपी एका बाजूने चिरून निम्मी उडून गेलेली, उरलेला तुकडा मेस्त्रींनी नखाने काढला. बाजूच्या स्प्रिंगचीही ताकद गेलेली, जी खरं तर दांडा थरथरू नये म्हणून असते. म्हणजे खडखड कुठून येत होती ते कळलंच.

नवीन बुश इंग्लंडहून येईपर्यंत कोण थांबणार, मेस्त्रींनी ओळखीच्या लेथवाल्याकडून डेल्रिन या टणक प्लास्टिकचा रॉड खरादून तसाच बुश करून घेतला, काहीशे रुपयांचं काम. स्प्रिंग बदलली, ग्रीस लावलं, दांडा परत बसवला. आणि गिअर पडायला लागला ना राव, टक्क करून! चारही जागा जिथल्या तिथे.

मग किटही लावून बघितलं, आहेच तर का नाही. दांड्याचा प्रवास खरंच कमी होतो, मनगटाच्या झटक्यात दुसऱ्यातून तिसऱ्यात, पहाटे कोस्टल रोडला असं वाटतं की आपण काहीतरी आहोत. पण दांड्याचा हिशोब साधा आहे, वर प्रवास कमी केला की जोर जास्त लागणार, आणि हिंदमाता ते दादर टीटी या पट्ट्यात पहिला-दुसरा-पहिला-दुसरा करताना तो जोर खांद्यात उतरतो. शिवाय गिअर पडण्याआधी आतल्या चक्रांचा वेग जुळवणाऱ्या पन्नास वर्षांच्या सिंक्रो रिंगला क्षणभर द्यावा लागतो, छोट्या दांड्यात हात घाई करतो आणि दुसरा गिअर कर्रर्र करून ओरडतो. किट वाईट नाही, फिनिशिंग उत्तम आहे, नुसती हायवेला आणि ट्रॅकला काढत असाल तर घ्या. मी जुना दांडा परत लावला आणि किट डब्यात.

ऑइलची एक गोष्ट याच ओघात. आपल्याकडे गिअरबॉक्स म्हटलं की हात ९० नंबरच्या गिअर ऑइलच्या डब्याकडेच जातो. एमजीबीच्या बॉक्सला कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे इंजिन ऑइल लागतं, २०डब्ल्यू-५०. काही गिअर ऑइलमधली गंधकाची अ‍ॅडिटिव्ह पितळी सिंक्रोला मानवत नाहीत. मेस्त्री या बाबतीत आधी ऐकेनात, मॅन्युअलचं पान दाखवल्यावर चष्मा लावून वाचलं आणि पोऱ्याला डबा बदलून आणायला पिटाळलं. हे मला आवडलं, बरेच जण कागद बघितला की उलट चिडतात.

आता सस्पेन्शन, खरं काम इथेच होतं. एमजीबीला पुढे आजच्यासारखा नळीवाला शॉकअप नसतो, लिव्हर आर्म डँपर असतो, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात ऑइल आणि बाहेर दोन हात, आणि ते हातच वरच्या विशबोनचं, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दुव्याचं, काम करतात. त्यामुळे डँपर गेला तर नुसती गाडी उड्या मारत नाही, चाकाची पकडही ढिली होते. आमच्या दोन्ही डँपरच्या शाफ्टमधून ऑइल गळत होतं. पुढे ट्यूब शॉकअपची किटं मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच किटांमध्ये जुना डँपर आतली व्हॉल्व्ह काढून नुसता दुवा म्हणून तसाच ठेवतात, म्हणजे झिजलेला शाफ्ट आहे तिथेच राहणार आणि वर नवीन शॉकअपचा खर्च. मेस्त्रींचं म्हणणं पडलं की याच डँपरना ब्राँझचे बुश आणि नवीन सील टाकू, आणि मला ते पटलं.

हे काम मी समोर बसून बघितलं. डँपर वाइसमध्ये आवळला, वरून मोटरसायकलच्या फोर्कचं २० नंबरचं ऑइल भरलं आणि हात सावकाश वरखाली सुरू केला. सुरुवातीला बुडबुड आवाज येतो आणि मध्येच हात एकदम हलका पडतो, ती आतली हवा. परत ऑइल, परत वरखाली. मेस्त्री बोलता बोलता थांबले, माझा हात डँपरच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आता बघा, कुठे पोकळ लागतंय का?" वर जाताना आणि खाली येताना सारखंच जड, मध्ये कुठेच रिकामं नाही. असं झालं की डँपर पास.

सस्पेन्शनच्या सांध्यांमधल्या बुशवरून बरीच चर्चा झाली. ठाण्याच्या एका मित्राने पुढे मागे सगळीकडे पॉलीयुरेथेन हे टणक प्लास्टिक घातलंय, शिवाय गाडी खाली करणाऱ्या स्प्रिंगा. वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी जाते हे खरं, पण पेव्हर ब्लॉकवर दात वाजतात, सिलिकॉन ग्रीस सुकलं की बुश कुईकुई करतात, आणि सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घ्यायची तरी पोट घासतंच. गंमत म्हणजे १९७४ च्या शेवटापासून अमेरिकेच्या नियमांपायी कंपनीनेच एमजीबीला रबरी बंपर लावून गाडी उंच केली होती, तिकडचे शौकीन त्यावरून अजून नाकं मुरडतात, आपल्या स्पीडब्रेकरना मात्र तीच बरी. मी खालच्या विशबोनला व्ही-एट मॉडेलचे बुश घातले, १९७३ साली आलेल्या एमजीबी जीटी व्ही-एटवरचे, रबरच पण मध्ये लोखंडी स्लीव्हवाले. मूळच्या नुसत्या रबरापेक्षा टणक, पॉलीपेक्षा मऊ. मुंबईसाठी माझं मत ठाम यालाच.

हे बुश बसवताना एक गोष्ट स्वतः उभं राहून करून घ्या. रबरी बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत, चाकं जमिनीला टेकवून, गाडीचं वजन पडल्यावर आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. आमच्या मेस्त्रींना हे माहीत होतं, न सांगता गाडी खाली घेतली. पुढची कॉइल स्प्रिंग उतरवतानाही घाई नाही, लांब बोल्ट घालून खाली ट्रॉली जॅक लावून इंच इंच सोडली आणि पोऱ्याला समोरून बाजूला केलं. ती उडाली तर माणूस जायबंदी होतो.

मागे कमानपाटे आहेत, डावीकडचा बसलेला, त्यामुळे गाडी पानवाल्याच्या बाकड्यासारखी एका अंगाला कललेली. नवीन मागवले नाहीत, टेम्पोचे पाटे करणाऱ्याकडे देऊन परत कमान काढून घेतली. मागे मात्र ट्यूब शॉकअपचं किट लावलं, कारण तिथे जुना डँपर पूर्ण निघतो, किटचा ब्रॅकेट त्याच्याच भोकांवर बसतो, काही कापायचं नाही, भोक पाडायचं नाही. उद्या कोणाला मूळ रूप हवं असेल तर चार बोल्टांत परत. हे महत्त्वाचं आहे, कारण पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हीए सीरिजची जी व्हिंटेज नंबरपाटी मिळते तिची अटच आहे की चेसी, बॉडी आणि इंजिनात मोठी फेरफार झालेली नसावी. आणि हो, त्या पाटीवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच, तेव्हा पाटी घ्यायच्या आधी विचार करा.

मग अलाइनमेंट. मशीनवरच्या पोराने कॉम्प्युटरमध्ये एमजी शोधलं आणि मान वर न करता विचारलं, "हेक्टर ना काका?" मी म्हटलं बाळा, बाहेर येऊन बघ. यादीत ही गाडी नाहीच, मॅन्युअलमधलं माप द्यावं लागलं, टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली ते माप, साधारण एक सोळांश इंच. पुढच्या चाकांचं तेवढंच हलवता येतं, कँबर-कॅस्टर, म्हणजे चाक कललेले कोन, कंपनीने ठरवलेले तेच.

फरक? ईस्टर्न फ्रीवेवर आधी प्रत्येक जॉइंटला स्टिअरिंग हातात उडी मारायचं आणि गाडी दोनदा झोके खायची. आता धप्प एकदाच, पुढे सरळ. ब्रेक मारला की नाक आधीइतकं खाली जात नाही. जे.जे. फ्लायओव्हरच्या वळणांवर मागचं चाक उशिरा आल्यासारखं वाटायचं ते पूर्ण गेलं. गाडी मऊ झाली असं नाही, एमजीबी आहे ती, खड्डा लागला की कळणारच, पण आता खड्डा लागतो आणि संपतो.

गॅरेजबद्दल तक्रारी आहेत. सांगितलेल्या तारखेला काम होणार नाही हे गृहीत धरा, फोन पोऱ्या उचलतो आणि "मेस्त्री गाडीखाली हायत" म्हणून ठेवतो. सीटवर कव्हर टाकत नाहीत, जुनी चादर घेऊन जा. काढलेला प्रत्येक पार्ट मात्र पिशवीत घालून परत देतात, न मागता. कामाला पाचपैकी साडेचार, वेळ पाळण्याला दोन, तेही चहा पाजतात म्हणून.

मजुरी बावीस हजार झाली, लेथवाला आणि पाटेवाला वेगळे, बाहेरचे पार्ट आपले आपण मागवायचे. बिल साध्या कागदावर मिळतं, क्लबला किंवा इन्शुरन्सला दाखवायला पक्कं हवं असेल तर गाडी टाकतानाच बोलून घ्या, आणि गणपतीच्या आधीचा महिनाभर तिकडे फिरकूही नका, गल्लीत मांडव पडला की गाडी आत जात नाही आणि आत असलेली बाहेर येत नाही.