लेस्टरचं व्हेप आणि लातूरची निकोटिनची गोळी

आडतीच्या गादीवर आयुष्य गेलं, त्यामुळं सवयीनं आधी भाव सांगतो, माल नंतर दाखवतो. सिगारेट सोडायला मी दोन गोष्टी वापरल्या. लेकीकडं इंग्लंडात होतो तेव्हा इलेक्ट्रॉनिक सिगारेट, म्हणजे पोरं ज्याला व्हेप म्हणतात ते. लातुरात परत आल्यावर निकोटिनचं च्युइंगम, ज्याला आमच्याकडं गिऱ्हाईक आणि मेडिकलवाला दोघंही ‘गोळी’च म्हणतात. व्हेपला पाचपैकी तीन तारे, गोळीला साडेतीन. मजा आली ती व्हेपला, तरी अर्धा तारा गोळीला जास्त आहे.

माझं ओढणं रोजचं एक पाकीट, आणि सोयाबीनची आवक सुरू झाली की त्याच्यावर. दसरा ते दिवाळी मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, धूळच एवढी असते की सिगारेटचा धूर त्यात कुणाला दिसतही नाही. लेस्टरात मात्र दिसतो. जावई सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारे, घर लाकडाचं, त्यात लहान नातू. मागच्या अंगणात टोपरं घालून थंडीत उभा राहायचो आणि लेक काचेआडून बघायची, बोलायची काही नाही. शेवटी जावईच म्हणाले, “मामा, इथं सिगारेट सोडायला सरकारी दवाखानेसुद्धा हे वापरा म्हणतात. बघून तर येऊ.”

दुकानदार गुजराती होता, हिंदीत बोलला. त्यानं स्वाद-बीद दाखवायच्या आधी दोन गोष्टी विचारल्या: दिवसाला किती ओढता, आणि उठल्यावर पहिली किती वेळानं. त्यावरून निकोटिन किती लागेल ते ठरवलं. तिथं कायद्यानं एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही, बाटली १० मिलिलिटरच्या वर विकता येत नाही आणि यंत्राची टाकी २ मिलिलिटरची. किती निकोटिन, किती मिलिलिटर, हे बाटलीवर छापलेलं. व्यापारी माणसाला अशी गोष्ट बरी वाटते. त्यानं मला भरून वापरायचं यंत्र दिलं. वापरून फेकायचं घेऊ नका म्हणाला. ते फेकायचं व्हेप विकायला ब्रिटननं १ जून २०२५ पासून बंदीच घातली.

यंत्र साधं आहे. बॅटरीनं तारेचं वेटोळं तापतं, त्याला भिजलेला कापूस, आणि त्यातल्या द्रवाची वाफ होते. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटिन. पेटत काहीच नाही, म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही नाही. निकोटिननं लत लागते हे खरं, पण छातीचं वाटोळं मुख्यतः जळत्या तंबाखूच्या धुरानं होतं. म्हणून तिथले डॉक्टर म्हणतात की ओढणाऱ्यानं व्हेप घेतलं तर नुकसान पुष्कळ कमी. अजिबात नाही असं नव्हे, आणि जो ओढतच नाही त्यानं हात लावू नये.

सिगारेटसारखा जोरात झुरका मारला तर ठसका लागतो. हळू आणि लांब ओढायचं. तंबाखूच्या स्वादाची बाटली म्हणून जी मिळते तिचा तंबाखूशी काही संबंध नाही, पुदिना परवडला. टाकी कोरडी झाली की जळक्या चिंधीसारखी चव येते. एवढं जमलं आणि सिगारेटची आठवण चांगलीच मागं पडली. जेवणानंतरची जी असते ना, जिच्यासाठी माणूस ताटावरून लवकर उठतो, तीसुद्धा. हाताला काम, तोंडाला काम, घशाला ती हलकी चपराक, सगळं मिळतं.

पण सिगारेट संपते. थोटूक विझवलं की माणूस कामाला लागतो. व्हेपला शेवटच नाही. बसस्टॉपवर एक, बागेत दोन, अंगणात कितीतरी, आणि खिशातून ते कधी बाहेर आलं हे कळतही नाही. इंग्लंडात सरकारी केंद्रांवर सिगारेट सोडायला आलेल्या ८८६ जणांवर झालेली एक चाचणी २०१९ मध्ये छापून आली. वर्षानंतर व्हेपवाल्या गटातले १८ टक्के सिगारेटमुक्त होते, गोळ्या-पॅचवाल्या (पॅच म्हणजे कातडीला चिकटवायची निकोटिनची चकती) गटातले ९.९ टक्के. म्हणजे जवळजवळ दुप्पट. व्हेपची बाजू घेणारे हा आकडा सांगतात आणि तो खरा आहे. त्याच चाचणीत पुढचा आकडाही आहे. सुटलेल्यांपैकी व्हेप गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते; दुसऱ्या गटात गोळी-पॅच अजून चालू असलेले ९ टक्के. मी तिथंच राहिलो असतो तर त्या ऐंशीत बसलो असतो, यात मला शंका नाही.

आता आपल्याकडचं. २०१९ च्या सप्टेंबरात वटहुकूम आला, डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, साठवणं, सगळं बंद. विक्रीचा पहिला गुन्हा असला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा यंत्र लेस्टरलाच सोडून आलो. गल्लीतल्या दर टपरीला बिडी-सिगारेट उघड्यावर आणि वाफ तेवढी गुन्हा, हे मला पटत नाही. पण आंबा-कलिंगडाच्या स्वादाला भुललेली, कधी सिगारेटला हात न लावलेली कॉलेजची पोरं लेस्टरच्या बसमध्ये मी पाहिली. तेव्हा कायदा करणाऱ्यांना अगदीच वेडे म्हणवत नाही. संभाजीनगरात चोरून मिळतं, मागवू का, असं एका ओळखीच्या पोरानं विचारलं. नको म्हणालो. कुणी भरलं, किती मिलिग्रॅमचं, कशाचं काही ठिकाण नाही. काट्यावर न चढलेला माल मी घेत नाही.

गोळी घेतली ती गंजगोलाईजवळच्या मेडिकलमधून. २ मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय मिळते, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरची चिठ्ठी लागते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला सिगारेट लागते त्याला ४ ची गरज पडते. माझी पहिली दुकान उघडल्यावरच, म्हणून माझं २ वर भागलं. मेडिकलवाल्यानं पट्टी कागदात बांधून दिली, कशी खायची ते सांगितलं नाही. दीड तारा इथंच गेला, आणि तो गोळीचा दोष नाही, विकण्याच्या पद्धतीचा आहे. कारण ही च्युइंगमसारखी चावायचीच नसते. दहा-पंधरा वेळा हळू चावायची, जिभेला मिरीसारखी चुरचुर लागली की थांबायचं आणि गालात दाबून ठेवायची. चुरचुर गेली की परत थोडी चावायची. असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं, पोटातून नाही. भराभर चावली तर रस गिळला जातो, घसा जळतो आणि उचकी लागते. आमच्या मुनीमजींनी गंमत म्हणून एक मागितली आणि कराकरा चावून टाकली. दुपारपर्यंत उचक्या देत हिशोबाच्या पट्ट्या लिहीत होते.

आणि चहा! ही गोष्ट खरं म्हणजे पाकिटावर मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे. गोळी खायच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, थंडपेय काही नाही. त्यानं तोंड आंबट होतं आणि आंबट तोंडात निकोटिन गालातून आत शिरत नाही. तंबाखूला चुना का चोळतात, ते याच कारणानं; चुन्यानं उलटं होतं, निकोटिन मोकळं सुटतं. गोळीतही त्यासाठी क्षार घातलेले असतात, आणि वरून चहा प्यालो की ते धुतले जातात. आता मोंढ्यात बसून चहा नको म्हणायचं म्हणजे काय, ते आडत्यालाच विचारा. शेतकरी आला चहा, खरेदीदार आला चहा, भावावरून वाजलं की मिटवायला चहा. नाही म्हटलं तर समोरच्याला वाटतं ह्याच्या मनात काहीतरी आहे. हमाल विचारायचे, “मालक, काय चघळलालाव? चहा थंड होऊलाय की!” शेवटी वेळा बांधल्या. सौदा सुरू व्हायच्या आधी एक गोळी, कारण तेव्हा कुणी बसून चहा पीत नाही. जेवण झालं की चूळ भरून एक. दुकान बंद करताना एक, तेव्हाच टपरीकडं पाय वळतात. चहा मधल्या वेळात.

तक्रारी आहेतच. हाताला काम नाही. हात आपोआप शर्टच्या खिशाकडं जायचा, तिथं पेन ठेवला. पट्टी स्वस्त नाही, सिगारेटच्या खर्चात फार काही वाचत नाही निदान सुरुवातीला. कवळी असेल तर चिकटते, मग पॅचचं डॉक्टरला विचारा. हृदयाचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बाईनं डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये. पण हिची खरी खुबी अशी, की ही बेचव आहे. मजा म्हणून दुसरी कुणी मागत नाही. साधारण बारा आठवड्यांचा हिशोब असतो, हळूहळू कमी करत जायचं, आणि कमी करताना वाईट वाटत नाही. व्हेप कमी करायचं म्हटलं की मला वाईट वाटायचं.

सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, तोही लावून बघा. फुकट आहे, माझ्याशी मराठीत बोलले, आणि नंतर त्यांनी स्वतःहून परत फोन केला. सगळ्यात अवघड वेळ कोणती, हा प्रश्न त्यांनीच विचारला. वर सांगितलेल्या वेळा त्यातूनच बांधल्या गेल्या.

स्वादाचं एवढं सांगतो. पुदिन्याची मागा, नसली तर दालचिनीची. पानाच्या स्वादाची दुकानात ढिगानं पडलेली असते, ती घेऊ नका. तिचा वास नाकात गेला की टपरी आठवते, आणि टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे.