आंब्याच्या लाकडाचा दिवाण, दीड वर्ष वापरून झाल्यावर

मागच्याच्या मागच्या दिवाळीत घेतला. आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे, सांधे अजून घट्ट, चार माणसं बसली तरी कुरकुर नाही, आणि आंब्याच्या त्या तपकिरी रेषा इतक्या देखण्या की घरी येणारा प्रत्येक जण हात फिरवून बघतो.

पण पहिल्याच पावसाळ्यात मागच्या पायाशी पिठाची बारीकशी रास दिसली. पुसली तर दुसऱ्या दिवशी परत. चिमटीत घेतली तर टाल्कम पावडरसारखी मऊ. वाकून बघितलं तर पायाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की त्यातून भुरभुर पीठ पडायचं. दुकानात फोन केला तर म्हणे वाळवी असेल, तुमच्या घरात ओल आहे. अहो वाळवी मातीचे बोगदे करत येते, असं कोरडं पीठ नाही सांडत! खिडकीच्या कट्ट्यावर दोन मेलेले भुंगेरे सापडले, तांबूस तपकिरी, जेमतेम पाच मिलिमीटरचे, तेव्हा खात्री पटली की हा पावडरपोस्ट बीटल, कापून वाळलेल्या लाकडातच वाढणारा.

आता झाडाचं, हे मला घेतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं. मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते आणि अळी आतल्या स्टार्चवर जगते, म्हणजे मोठी छिद्रं आणि भरपूर स्टार्च असलेलं झाड तिला लागतं, आंबा, सावर, रबरवुड वगैरे. बांबूला ह्यांचेच भाऊबंद धरतात. पाइन, देवदारात तशी छिद्रंच नसतात म्हणून तिथे हा किडा जात नाही. सागाचा गाभा सेफ, पण बाहेरचा पांढरट भाग लावलेला असेल तर सागालाही लागतो, त्यामुळे नुसतं सागवानी आहे ऐकून पैसे देऊ नका, फळीची कड बघा.

पॉलिशने छिद्रं बुजतात, नवीन अंडी घालता येत नाहीत हे खरं, पण अळी आधीच आत असेल तर ती महिनोन्महिने खात बसते आणि भुंगेरा झाला की पॉलिश फोडून बाहेर येतो. माझ्या दिवाणाला तर खालून पॉलिशचा हातसुद्धा नव्हता. खरा उपाय म्हणजे लाकूड कापल्या कापल्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवणं, रबरवुडला कारखान्यात प्रेशरने तेच देतात. आमचे आजोबा कोकणात बांबू वहाळात बुडवून ठेवायचे ते ह्याचसाठी, पाण्यात स्टार्च कमी होतो.

शेवटी सुतारकाकांकडून मागचे दोन्ही पाय बदलून सागाच्या गाभ्याचे लावले, खालच्या कोऱ्या बाजूला बोरॅक्सच्या पाण्याचे तीन हात दिले, उरलेली भोकं मेणाने बुजवली म्हणजे नवीन पडलं तर लगेच कळेल. सात महिने झाले, अजून एकही नाही. रोज सकाळी झाडताना आधी तिथेच बघते.

बनावटीला पाच स्टार, लाकडाला दोन. परवा त्याच दुकानात स्टूल बघायला गेले होते, आवडलंही, ट्रीटमेंट केलेलं लाकूड आहे का विचारलं तर म्हणाले, मॅडम पॉलिश केलंय ना. तिथेच ठेवून आले.