गूगल अ‍ॅड्स: बजेट ठरवताना कुठला अंदाज धरायचा?

पुण्यात वॉटर प्युरिफायर दुरुस्तीचा व्यवसाय आहे आणि गूगलवर जाहिरात द्यायची आहे, असं धरू. खातं उघडलं की एकाच कीवर्डचे (लोक गूगलवर जे शोधतात त्या शब्दांचे) तीन-चार भाव समोर येतात. गूगलचा कीवर्ड प्लॅनर एक सांगतो, फोरकास्ट म्हणजे पुढचा अंदाज दुसरा, आणि जाहिरात सुरू झाल्यावर खात्यात तिसराच दिसतो. खोटा त्यातला कुठलाच नाही, फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

कीवर्ड प्लॅनरमध्ये 'टॉप ऑफ पेज बिड'चे दोन आकडे असतात, कमी आणि जास्त. (बिड म्हणजे एका क्लिकसाठी लावलेली बोली.) इतर जाहिरातदारांनी वरच्या जागेसाठी आजवर काय मोजलं, त्याचा हा इतिहास. कमी म्हणजे 20वं पर्सेंटाइल (शंभरातले वीस याहून कमी मोजतात), जास्त म्हणजे 80वं. त्यामुळे या पट्ट्याच्या खाली आणि वरही पैसे मोजणारे लोक असतातच. तुमची वेबसाइट कशी आहे, जाहिरात कशी लिहिली आहे, याचा इथे हिशेबच नाही. शेजारचा 'कॉम्पिटिशन' रकाना पाहून बरेच जण एसइओचे (जाहिरातीविना सर्चमध्ये वर येण्याचे) निष्कर्ष काढतात, पण तो फक्त जाहिरातदारांची गर्दी मोजतो. शिवाय खात्यातून खर्च होत नसेल तर महिन्याचे सर्च '1 हजार ते 10 हजार' असे ऐसपैस दिसतात. दहापट फरकावर बजेट कसं बांधणार? माझ्या मते प्लॅनरचा खरा उपयोग परवडणार नाहीत ते कीवर्ड आधीच गाळायला.

फोरकास्ट पुढचं बघतो. बिड आणि बजेट टाका, तो अंदाजे क्लिक, खर्च आणि सरासरी सीपीसी (एका क्लिकचा खर्च) देतो. हंगाम आणि जाहिरातीचा पूर्वीचा दर्जाही तो धरतो, पण नव्या खात्याला पूर्वीचं काही नसतंच. दोन बजेटांची आपसात तुलना करायला तो चांगला. त्यातली क्लिकची संख्या पक्की धरून मात्र चालू नये.

खात्यातले 'फर्स्ट पेज', 'टॉप ऑफ पेज' आणि 'फर्स्ट पोझिशन' हे बिडचे रकाने जास्त कामाचे, कारण त्यांत तुमचा क्वालिटी स्कोअर (दर्जाला गूगल देतो ते गुण) आणि सध्याची स्पर्धा दोन्ही येतात. हमी तेही देत नाहीत. पण पहिल्या पानाचाच आकडा डोळे पांढरे करणारा असेल, तर बिड वाढवण्याआधी जाहिरात आणि लँडिंग पेज (क्लिकनंतर उघडणारं पान) तपासा. दुखणं बहुधा तिथेच असतं.

असं का, ते एका ढोबळ उदाहरणात पाहू. (खऱ्या लिलावात आणखीही घटक असतात.) तुमची बिड 40 रुपये, दर्जा 8. समोरच्याची बिड 50, दर्जा 5. गुणाकार केला तर तुमचे 320, त्याचे 250. वर तुम्ही. आणि मोजायचे किती? त्याच्या 250ला मागे टाकण्यापुरतेच, म्हणजे 250 भागिले 8, सुमारे 31 रुपये. बिड ही कमाल मर्यादा असते, बिल नव्हे. तुमचा दर्जा 4 असता, तर त्याच जागेसाठी 60च्या वर मोजावे लागले असते.

बिड सिम्युलेटर (बिड बदलली तर काय होईल ते दाखवणारं साधन) याहून बारीक हिशेब देतो, पण तो मागच्या आठवडाभराच्या आकड्यांवर चालतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तूर्त विसरावा.

आता जागेचं. 'सरासरी पोझिशन' हा आकडा गूगलने सप्टेंबर 2019मध्येच काढून टाकला. सरासरी 2 म्हणजे पानावर नेमकं कुठे, हे त्यातून कळतच नव्हतं. आता दोन टक्केवाऱ्या दिसतात: तुमच्या इम्प्रेशनपैकी (जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यापैकी) किती वरच्या जाहिरातींत होती, आणि किती अगदी पहिल्या जागेवर. पहिल्या जागेचा हट्ट मला बहुतेक छोट्या धंद्यांसाठी परवडणारा वाटत नाही. फोन तुमच्या नावाच्या सर्चवरून येत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पहिली जागा सोडू नका.

बिडची वरची मर्यादा मात्र यांपैकी कुठल्याही रकान्यातून घेऊ नका. एका दुरुस्तीमागे हातात 600 रुपये उरतात आणि दहा क्लिकमागे एक गिऱ्हाईक मिळतं, असं समजा. म्हणजे क्लिकला 60 रुपयांवर ना नफा, ना तोटा. जाहिरातीवरचा 18 टक्के जीएसटी त्या सीपीसीत धरलेला नसतो. त्याचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) तुम्हाला मिळत नसेल, तर ही रेघ 50 रुपयांच्या आसपास येते. प्लॅनरचा कमी आकडाच 80 असेल, तर तो कीवर्ड तूर्त सोडा आणि 'आरओ फिल्टर बदलणे कोथरूड' असे लांबट, नेमके कीवर्ड शोधा.

रोजचं बजेट 300 ठेवलं आणि एखाद्या दिवशी 600 गेले, तर घाबरून कॅम्पेन बंद करू नका. दिवसाला दुपटीपर्यंत खर्च करायची मुभा गूगल घेतो. महिन्याचा हिशेब रोजच्या बजेटाच्या 30.4 पटीत, म्हणजे इथे 9,120 रुपयांत बसवला जातो, आणि जीएसटी त्याच्यावर.