सोनचाफा लावायचाय: बियांचा, गुटीचा की कलमी?

आधी जागा बघा, मग रोपाचं ठरवा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या बंगल्यापुढची चिंचोळी पट्टी आणि पन्हाळ्याच्या वाटेवरचं मळ्यातलं घर, या दोन्ही ठिकाणी मी एकच सोनचाफा सुचवणार नाही.

बियांचं रोप स्वस्त, काटक आणि सोटमुळाचं, त्यामुळे वाऱ्यापावसात घट्ट उभं राहतं. पण फुलासाठी सात-आठ वर्षं, कधी त्याहूनही जास्त थांबावं लागतं. एवढं थांबूनही फूल आईझाडाइतकंच गडद आणि वासाचं निघेल याची खात्री नसते. झाड दुमजली घराच्या वर सहज जातं. मळ्यात जागा असेल तर जरूर लावा. बी मात्र ताजं हवं, वाळलं की उगवण झपाट्याने घटते. लाल गर धुऊन लगेच पेरा.

गुटी म्हणजे झाडावरच फांदीची साल काढून, तिथे मुळं फोडून केलेलं रोप. तिला फुलं लवकर येतात आणि ती आईझाडाचीच असतात. पण तिला सोटमूळ नसतं. सोनचाफ्याच्या गुटीला मुळ्याही सावकाश फुटतात. गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत ठीक. वारं लागणाऱ्या उघड्या अंगणात मी ती लावणार नाही.

शहरातल्या बहुतेक अंगणांसाठी माझं मत कलमाच्या बाजूने आहे. खाली बियांच्या रोपाचं मूळ, वर हव्या त्या झाडाची फांदी. साधारण दुसऱ्या वर्षापासून फुलं मिळतात आणि छाटणी करून झाड हाताला येईल इतकं ठेवता येतं.

कलम घरीच करायचं असेल तर शेजारी आईझाड आहे का, यावर सगळं ठरतं. असेल तर भेटकलम करा. पिशवीतला खुंट, म्हणजे बियांचं रोप, आईझाडाच्या फांदीला टेकवून दोन्हींची साल थोडी तासायची आणि जोड घट्ट बांधायचा. फांदी झाडावरच जगत असते, त्यामुळे नवख्याच्या हातूनही ते साधतं. फक्त टांगलेल्या पिशवीला पाऊस उघडला की रोज पाणी घालावं लागतं, आणि जोड धरायला दोनेक महिने जातात.

आईझाड लांब असेल तर पाचर कलम. खुंट पेन्सिलीएवढा जाड आणि काडी, म्हणजे आईझाडाच्या फांदीचा तुकडा, तेवढ्याच जाडीची घ्या. काडी आणण्याच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून कापा, म्हणजे डोळे फुगतात. खुंट छाटून मधोमध बोटाच्या दोन पेरांएवढी चीर द्या. काडीला दोन्ही बाजूंनी उतरता काप देऊन पाचर बसवा. निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे, नाहीतर कलम धरत नाही. पट्टी बांधून वर पेप्सीकोल्याची लांबट पिशवी टोपीसारखी घाला. कोल्हापूरचा जुलैचा पाऊस थेट जोडावर नको, रोप पडवीत ठेवा.

याच खुंटावर कवठी चाफाही बांधता येतो, तो याच कुळातला. देवचाफा किंवा हिरवा चाफा जमणार नाही, त्यांची कुळं वेगळी. देवचाफ्याला तर कलमाची गरजही नाही. फांदीचा चीक सुकू द्या आणि खोचा.

पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत पाणी साचतं आणि सोनचाफ्याची मुळं कुजतात. तिथे मुरूम मिसळून उंचवटा करा. जोड मातीच्या वर राहू द्या. खुंट आणि फांदी दोन्ही सोनचाफ्याचीच असल्याने खालचे फुटवे पानांवरून ओळखू येत नाहीत. जोडाखालून जे फुटेल ते कोवळं असतानाच खुडून टाका.