चौथ्या दिवशी आराम पडला, तिथेच फसले

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं आणि खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. हात सुजून चकाकायचा. कधी लालभडक आणि गरम, कधी निळसर आणि गार. घाम यायचा तो त्याच एका तळहाताला. चादरीचा काठ नुसता लागला तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी निदान केलं सीआरपीएस, म्हणजे कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम. दुखापतीच्या मानाने फार जास्त आणि फार काळ त्या हाताचं किंवा पायाचं दुखत राहणं. याची एकच एक ठाम तपासणी नाही, लक्षणं जुळवूनच ठरवावं लागतं. त्यामुळे ‘मनाचे खेळ आहेत’ हेही ऐकून झालं होतं.

अशा वेळी औषधाच्या पुड्या देणारा तो माणूस भेटला. “ताई, तुमचं दुखणं खरं आहे. आत दाह आहे, तो मुळापासून काढतो.” खोटं बोलला नव्हता, म्हणून तर पटलं! या दुखण्यात सुरुवातीला दाह असतोच. पदवी मी विचारली नाही. तीन महिन्यांचे पैसे आधी दिले, पावती नाही. पुड्यांवर ना नाव, ना घटक, ना तारीख. “शुद्ध वनस्पती. डॉक्टरांच्या गोळ्या बंद, व्यायामही बंद, हाताला विश्रांती द्या.”

चौथ्या दिवशी सूज उतरली. कित्येक दिवस बोटात न शिरणारी अंगठी सहज सरकली आणि मी रडले. दहाव्या दिवशी त्याने मागितला म्हणून कौतुकाचा व्हॉइस मेसेजही पाठवला.

भूक प्रचंड वाढली, झोप उडाली. दोन महिन्यांत चेहरा गोल झाला. लोक म्हणाले, तब्येत सुधारली! दंडावर जरा कुठे लागलं की जांभळा डाग. रक्तातली साखर आयुष्यात पहिल्यांदा वाढलेली निघाली. मग एकदा प्रवासात पुड्या घरी राहिल्या. दुसऱ्या दिवशी उलट्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि हात पुन्हा पेटलेला. फोन केला तर म्हणाला, “शरीर विष बाहेर टाकतंय. आता दोन-दोन पुड्या घ्या.”

डॉक्टरांनी हाताआधी चेहरा बघितला. “कसल्या पुड्या घेताय?” पूड तपासायला पाठवली, त्यात डेक्सामेथासोन हे दाह दाबणारं औषध निघालं. स्टेरॉइड.

स्टेरॉइड काही शत्रू नव्हे. याच आजारात सुरुवातीच्या काळात डॉक्टर कधीकधी प्रेडनिसोलोन देतात. पण मोजून, थोडे दिवस, साखर आणि रक्तदाबावर लक्ष ठेवून. मी किती घेतलं, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. रोज बाहेरून मिळायला लागलं की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं कमी करतात, म्हणून एकदम बंद केलं की जिवावर बेतू शकतं. तुम्ही असं काही घेत असाल तर घाबरून फेकून देऊ नका. तीच पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. माझा डोस त्यांनी काही महिने लावून हळूहळू उतरवला.

विश्रांतीच्या नावाखाली बोटं मात्र आखडली. आता आरशासमोर बसून धडधाकट हाताचं प्रतिबिंब बघत दुखऱ्या हाताची हालचाल करते. रटाळ काम आहे, पण मूठ अर्धी वळते.

तो पुड्यावाला माझा व्हॉइस मेसेज नव्या रुग्णांना अजून पाठवतो, असं परवा कळलं. रडवेल्या आवाजात कुणी बाई अंगठी बोटात गेल्याचं सांगत असेल, तर ती मीच. दहाव्या दिवशीची.