शाळेत संगीत: आधी गळा की आधी वाद्य?

शाळेत संगीत शिकवण्याच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय यांची गाण्यापासून सुरू होते, तर जर्मनीचे संगीतकार कार्ल ऑर्फ यांची ताल, हालचाल आणि साध्या वाद्यांपासून.

कोडाय पद्धतीत मूल आधी गाऊन स्वर पक्का करतं, स्वरलिपी, म्हणजे स्वर लिहिणं-वाचणं, नंतर येते. प्रत्येक स्वराला हाताची एक खूण असते. षड्जाला (सा) कमरेजवळ मूठ, आणि स्वर चढेल तसा हातही वर. स्वराची उंची डोळ्यांना दिसते, त्यामुळे बेसूर लागला तर मुलालाच कळतं. खर्च जवळपास शून्य. पण शिक्षकाचा गळा सुरेल हवा, त्याला पर्याय नाही.

ऑर्फ पद्धतीत टाळ्या, चुटक्या, पायांचा ठेका आणि मग झायलोफोन, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य. या झायलोफोनच्या पट्ट्या सुट्या निघतात. मध्यम (म) आणि निषाद (नी) यांच्या काढल्या की उरतात सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूप रागाचे स्वर. आता मुलाने कुठेही वाजवलं तरी कानाला खटकत नाही. वर्गातलं सगळ्यात बुजरं मूलही न घाबरता स्वतःचं काहीतरी रचून बघतं, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. अडचण म्हणजे वाद्यांचा खर्च, जागा आणि गोंगाट.

वर्ग मोठा आणि पैसे कमी असतील तर मी बेधडक कोडाय निवडेन. मुलं लहान, चुळबुळी असतील तर ऑर्फ. वाद्यं नसली तरी टाळ्या-चुटक्यांचा भाग उद्यापासून सुरू करता येतो.